दुसऱ्याच्या अंगणातली खरेदी : यार्ड सेल, गराज सेल आणि एस्टेट सेल

ओसरी (क्लीव्हलँड परिसर, ओहायो) | धागा

ओहायोतला बर्फ वितळून लॉनवर डँडेलियनची पिवळी फुले दिसू लागली, की पाठोपाठ आमच्या उपनगरातल्या चौकाचौकांत पुठ्ठ्याच्या पाट्या उगवतात. जाड मार्करने लिहिलेला पत्ता, एक वाकडा बाण आणि ‘गराज सेल, गुरुवार ते शनिवार’ एवढाच मजकूर त्यांवर असतो. गेली सतरा वर्षे मी या बाणांच्या मागे हिंडते आहे. आमची निम्मी भांडी, जेवणाचे टेबल, मुलांच्या लहानपणच्या सायकली आणि बागेतली सगळी अवजारे अशीच घरात आलेली आहेत. त्यात पैसे वाचले हे खरे, परंतु केवळ पैशांसाठी कुणी सुटीच्या दिवशी सकाळी सात वाजता उठून अनोळखी माणसाच्या गराजमध्ये शिरत नाही. या छंदाविषयी कुणाशी सविस्तर बोलणे झालेले नाही, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी आधी थोडी ओळख करून देते. सामान अंगणात मांडले तर यार्ड सेल आणि गराजमध्ये मांडले तर गराज सेल. कनेक्टिकटकडे त्यालाच टॅग सेल म्हणतात. ब्रुकलिनमध्ये अंगणच नसल्यामुळे घरापुढच्या पायऱ्यांवर सामान लागते, तो स्टूप सेल. देणगीत आलेल्या वस्तूंचा चर्चच्या तळघरात भरतो तो रमेज सेल. एस्टेट सेल मात्र निराळ्या जातीचा असतो. तिथे माणूस गेलेला असतो किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलेला असतो, आणि त्याचे अख्खे घर, पडद्यांपासून चमच्यांपर्यंत, किमतीच्या चिठ्ठ्या लावून विक्रीला काढलेले असते.

मला यार्ड आणि गराज सेल आवडतात ते मुख्यतः एका कारणासाठी : इथे विकणारा दुकानदार नसतो. त्याला ती वस्तू खपवायची असते, पण तिच्यावर पोट भरायचे नसते. त्यामुळे तो तिच्याविषयी खरे बोलतो. आमच्याकडचा बिडाचा तवा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. क्लीव्हलँडच्या दक्षिणेला एका निवृत्त गृहस्थांच्या गराजमध्ये, मासेमारीच्या सामानाखाली, तो काळाकुट्ट आणि कडांना जळकट थर बसलेला तवा मला दिसला. उलटा केला तर मागे दुहेरी वर्तुळातला क्रूस आणि खाली ईरी, पेनसिल्व्हेनिया ही अक्षरे होती. म्हणजे तो बिडाची भांडी बनवणाऱ्या ग्रिसवोल्ड कंपनीचा होता, आणि ग्रिसवोल्डचा ईरीतला कारखाना १९५७ साली बंद झाला, तेव्हा तो निदान माझ्याहून वयाने मोठा होता. मी किंमत विचारण्याआधीच गृहस्थ म्हणाले, की तो आईचा आहे, त्याचा तळ किंचित फुगला आहे, काचेच्या शेगडीवर तो डुगडुगेल, गॅस असेल तरच घ्या. आठ डॉलर दिले. मी त्यावर काय करणार हे त्यांना जाणून घ्यायचे होते. थालीपीठ इंग्रजीतून समजावून सांगणे हे किती कठीण काम आहे, ते मला त्या दिवशी कळले.

विषयांतर होते आहे, पण बिडाविषयी चार ओळी लिहितेच. जुन्या अमेरिकन तव्यांचा आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असे आणि ते आजच्या बहुतेक तव्यांपेक्षा पातळ व हलके असत; त्यामुळे घावन सुटायला ते फार चांगले. गंजाला घाबरू नये, तो निघतो. तडा मात्र तपासावा. तवा दोन बोटांवर तोलून बोटाच्या पेराने वाजवला, तर चांगल्या तव्याचा घंटेसारखा नाद येतो आणि तडकलेल्याचा बद्द आवाज होतो. आपल्या आज्या मडके असेच वाजवून घेत असत. आणखी एक सावधगिरी बाळगावी. इथे काही जण बंदुकीच्या गोळ्यांसाठी किंवा गळाच्या वजनांसाठी जुन्या कढयांत शिसे वितळवतात. शिकारीच्या किंवा मासेमारीच्या सामानात मिळालेले भांडे शिशाची चाचणी केल्याशिवाय चुलीवर ठेवू नये. मी केली, तवा निर्दोष निघाला. मग कॉस्टिक सोड्याच्या फवाऱ्याने जुना थर काढला, तेलाचे अगदी पुसट बोट फिरवून ४५० अंश फॅरेनहाइटला तासभर भट्टीत ठेवला, आणि असे चार वेळा केले.

आता भावाविषयी. तुळशीबागेत तयार झालेले कौशल्य इथे जसेच्या तसे चालत नाही. तिथे आपण पाठ फिरवली, की चार पावलांवर मागून हाक येते. इथे पाठ फिरवली, की ‘हॅव अ नाइस डे’ एवढेच ऐकू येते आणि वस्तू तिथेच राहते. म्हणून मी तीन-चार वस्तू एकत्र करून ‘या सगळ्यांचे काय घ्याल’ असे विचारते, सुटे पैसे जवळ ठेवते, आणि लिंबूसरबत विकणाऱ्या पोरांशी घासाघीस करत नाही.

एस्टेट सेलविषयी माझ्या मनात अजून थोडे द्वैत आहे, तेव्हा आधी इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

खडीसाखर (न्यू जर्सी)

ओसरीताई, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. २००९ साली आम्ही कायमचे भारतात परतायचे ठरवले आणि मूव्हिंग सेल लावला. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची, त्यामुळे टोस्टरपासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत तारेचे जे जे म्हणून होते, ते सगळे इथेच ठेवून जाणे भाग होते. ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर तर पाटी लावायच्या आधीच, इमारतीतल्या ओळखीतून, फोनवरच विकला गेला.

‘आठच्या आधी येऊ नये’ असे पाटीवर ठळक लिहिले होते, तरी साडेसहाला दोघे जण दार वाजवत उभे होते. त्यांना दागिने, जुनी नाणी आणि लष्करातल्या वस्तू हव्या होत्या. आमच्याकडे स्टीलच्या वाट्या होत्या.

त्या दिवशी मला कळले, की किंमत लावणे ही गोष्ट फार बोचरी असते. ज्या पाळण्यासाठी आम्ही पावसात तीन दुकाने फिरलो होतो, त्यावर मीच वीस डॉलरची चिठ्ठी चिकटवली, आणि एका बाईंनी शांतपणे पंधरा म्हटले तेव्हा मला तो माझा अपमान वाटला. दुपारनंतर राग मावळला, कारण चार वाजता जे उरले होते ते मीच फुकट देत होते. सर्वांत लक्षात राहिल्या त्या एक वृद्ध बाई. त्यांनी माझा पितळी सोऱ्या उचलला, चकत्या काढून पाहिल्या आणि हे कुकी प्रेस आहे ना, असे विचारले. मी चकलीचे वर्णन केले. त्यांनी तो घ्यायची तयारी दाखवली, आणि ऐन वेळी मीच तो मागे घेतला. आईने दिलेला होता. त्याऐवजी त्यांना डब्यातल्या चार चकल्या दिल्या.

पुढचे सांगायला थोडी लाज वाटते. ‘कायमचे’ गेलेलो आम्ही चार वर्षांनी परत आलो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधून टोस्टर आणि व्हॅक्यूम क्लीनर घेतला.

तटस्थ (सिएटल)

धागा चांगला आहे. परंतु मी वेगळा सूर लावतो, राग मानू नये. यार्ड सेलला माझी हरकत नाही, एस्टेट सेल मला सोसत नाही. आमच्याकडे आजोबा गेल्यावर त्यांचे अंथरूण, छत्री आणि वहाणा दान दिल्या, चष्मा आणि मनगटी घड्याळ तेवढे कपाटात ठेवले. गेलेल्या माणसाची वस्तू द्यायची असते किंवा जपायची असते. ती विकायची असते, हे मला माहीत नव्हते.

सहकाऱ्याच्या आग्रहावरून एकदा गेलो होतो. निजण्याच्या खोलीत पलंगावर ब्लाउज रचून ठेवले होते, प्रत्येकी दोन डॉलर. हाताने धरून चालायचा आधार होता, पाच डॉलर. एका खोक्यात त्या बाईंना लोकांनी पाठवलेली नाताळची शुभेच्छापत्रे होती, सही आणि मायन्यासकट, आणि त्या खोक्यालाही किंमत होती. माझ्या शेजारी उभा असलेला मनुष्य ती पत्रे तिकिटांसाठी चाळत होता. मी काही न घेता बाहेर पडलो. हा माझा संस्कार असेल, पण ज्याला तुम्ही आनंद म्हणता त्यात दुसऱ्याच्या घराचे दार सताड उघडे टाकलेले असते, एवढे तरी मान्य करावे.

ओसरी

तटस्थ, राग कसला; द्वैत म्हणाले ते हेच. कपडे, अंथरूण आणि पत्रे मीही घेत नाही. मात्र हे विक्रीला का निघते, ते सांगते. मुले चार राज्यांत विखुरलेली असतात, प्रत्येकाचे घर आधीच भरलेले असते, आणि मूळ घर रिकामे झाल्याशिवाय ते विकता येत नाही. मग एखाद्या एस्टेट सेल कंपनीशी करार होतो. ती सगळ्या वस्तू मांडते, किंमत लावते, दोन-तीन दिवस विक्री चालवते आणि आलेल्या पैशांतला ३० ते ५० टक्के हिस्सा ठेवते. जे उरते ते धर्मादाय संस्थेकडे जाते, आणि त्यांनाही नको असलेले दारात उभ्या केलेल्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत पडते. म्हणजे निवड जपणे की विकणे अशी नसतेच, विकणे की फेकणे अशी असते.

आमच्या शेजारच्या आजी, वय ८६, तीन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात राहायला गेल्या. कराराप्रमाणे सही झाल्यावर घरातली कोणतीही वस्तू काढून घेता येत नव्हती, आणि घरच्यांनी विक्रीच्या दिवशी घरात थांबू नये अशीही कंपनीची विनंती होती. कुटुंबीय समोर असले की गिऱ्हाईक अवघडते आणि कुटुंबीयही. या सगळ्या गडबडीत आजी आपले लाकडी लाटणे बाजूला काढून ठेवायला विसरल्या. त्यांनी मला फोन केला : तू जा आणि ते घे, म्हणजे ते कुठे आहे हे मला माहीत राहील. मी पहाटे क्रमांकाची चिठ्ठी घेतली, दार उघडल्यावर तडक स्वयंपाकघरात गेले आणि लाटणे घेतले. संध्याकाळी त्यांना कळवले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, कितीला मिळाले? मी म्हटले, चार डॉलरला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘फक्त चार?’

आता ते लाटणे आमच्याकडे आहे. दोन्ही बाजूंच्या मुठी फिरणाऱ्या आहेत, त्यामुळे पोळीला ते उपयोगाचे नाही, पुऱ्यांची मोठी पोळी लाटून वाटीने कापायची असेल तेव्हा काढते. आजींना भेटायला जाते तेव्हा त्या त्याची चौकशी करतात.

भंगारसम्राट (सिनसिनाटी)

शेवटी एकदाचा माझ्या आवडीचा धागा आला. प्रत्येक सेलवेड्याच्या मनात एक वाटी असते, म्हणून आधी वाटीचीच गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने २००७ साली यार्ड सेलमध्ये तीन डॉलरला एक पांढरी चिनी वाटी घेतली आणि ती बैठकीच्या खोलीत ठेवून दिली. ती उत्तर सोंग काळातली, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीची ‘डिंग’ मातीकामाची निघाली, आणि मार्च २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात तिला सुमारे २२ लाख डॉलर मिळाले. दुसरी वाटी २०२० साली कनेक्टिकटमध्ये ३५ डॉलरला गेली. ती पंधराव्या शतकातली मिंग काळातली होती, आणि पुढच्याच वर्षी ७ लाख २१ हजार ८०० डॉलरना विकली गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावी २०१६ सालच्या एस्टेट सेलमध्ये ३० डॉलरला गेलेले एक रेखाचित्र तर थोर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे असल्याचे निष्पन्न झाले.

हे सगळे सांगून झाल्यावर मी माझी कामगिरी सांगतो. बारा वर्षांत मला अशी एकही वाटी मिळालेली नाही. मिळालेली सर्वोत्तम वस्तू म्हणजे सिंगरचे ‘फेदरवेट’ शिवणयंत्र. हे प्रारूप १९३३ साली बाजारात आले. संपूर्ण यंत्र जेमतेम पाच किलोचे, एक बाजू दुमडून काळ्या पेटीत बसणारे. तळाशी कोरलेल्या अनुक्रमांकावरून ते कोणत्या वर्षीचे ते काढता येते. माझे १९५१ चे आहे. ज्यांच्याकडून घेतले त्या बाई गोधड्या शिवत असत. आपल्या हातची शेवटची गोधडी त्यांनी यंत्रासोबत दाखवली, आणि दोरा कुठे अडकतो, कोणता स्क्रू जास्त आवळायचा नाही हे अर्धा तास समजावले. साठ डॉलरमध्ये यंत्र आले आणि शिकवणीही. ओसरीताईंचे ‘विकणारा दुकानदार नसतो’ हे म्हणणे मला म्हणूनच शंभर टक्के पटते.

एस्टेट सेलचे गणित वेगळे असते. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी पाव किंवा तिसरा हिस्सा कमी, शेवटच्या दिवशी निम्मी, अशी साधारण रीत आहे. हवी ती वस्तू पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घ्यायची की ती उरेल अशा आशेवर रविवारपर्यंत थांबायचे, हा एक जुगारच आहे, आणि मी त्यात बहुधा हरतो. एका ठिकाणी तर दुसऱ्या दिवशीच्या सवलतीसाठी लोक कपाटामागे पुस्तके लपवून गेलेले मी पाहिले आहेत. अलीकडे व्यापाऱ्यांची गर्दीही फार वाढली आहे. हातात फोन, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, लगेच इंटरनेटवरचा भाव. पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहून एकही पुस्तक न उघडता पाठीमागच्या पट्ट्या स्कॅन करत जाणारी माणसे पाहिली, की हातातले पुस्तक घट्ट धरावेसे वाटते.

ऑगस्टमध्ये कुणाला जमणार असेल, तर महामार्ग १२७ वरच्या सेलला एकदा तरी जावे. मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत, सहा राज्यांतून, ६९० मैल रस्त्याच्या दोन्ही कडांना दुकाने लागतात. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सुरू होऊन ते रविवारी संपते. टेनेसीतल्या फेंट्रेस काउंटीच्या प्रशासकांनी १९८७ साली ही कल्पना काढली. वाहने आंतरराज्य महामार्गांवरून सुसाट निघून जात होती, त्यांनी जुन्या रस्त्यावर, जुन्या गावांत यावे हा त्यामागचा हेतू. मी केंटकीतला फक्त ऐंशी मैलांचा तुकडा केला, त्याला दोन दिवस लागले. तिथे शेतात मोटारी लावायच्या, उन्हात भाजायचे आणि कुणाच्या तरी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून टोमॅटोचे सँडविच खायचे.

लिंबाचीफोड (ह्यूस्टन)

हा आनंद मलाही ठाऊक आहे, तरी दोन लेकरांची आई म्हणून थोडे कटू लिहिते. पाळणा स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. ज्याची एक बाजू खाली सरकते अशा पाळण्यांच्या विक्रीवर जून २०११ पासून अमेरिकेत बंदी आहे, तरी जुन्या तळघरांतून ते अजून बाहेर येतात. मोटारीतले मुलाचे आसन तर कधीच घेऊ नये. त्यावर वापराची अंतिम तारीख छापलेली असते, आणि ते अपघातातून गेले आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. सायकलच्या हेल्मेटचेही तेच. १९७८ पूर्वी रंगवलेल्या खेळण्यांत आणि फर्निचरमध्ये शिसे असू शकते. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की २००८ च्या कायद्यानुसार, कंपनीने परत मागवलेली वस्तू विकणे बेकायदा आहे, आणि गराज सेल त्याला अपवाद नाही.

जाता जाता एक मजेची गोष्ट. १९३६ साली निघालेल्या ‘फिएस्टा’ बश्या अनेक जण हौसेने गोळा करतात. त्यांतल्या जुन्या लाल-केशरी बश्यांच्या चकाकीत युरेनियमचे ऑक्साइड असे. भिंतीवर त्या सुंदर दिसतात, त्यांत आमटी वाढू नये.

गादी आणि कापडी सोफा मी हातही लावत नाही. एकदा लावला होता. ढेकूण जायला चार महिने आणि सोफ्याच्या सहापट पैसे लागले.

पेठेतला (पुणे)

अमेरिकेच्या धाग्यावर पुण्यातून लिहितो आहे, क्षमस्व. आमच्याकडे मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी भरतो. मी तिथून पितळी कड्या, जुने कुलूप आणि नटबोल्ट आणतो. पण तुम्ही वर्णन करता त्यात आणि यात मूळचाच फरक आहे : इथला विकणारा व्यापारी असतो. वस्तू कुणाच्या घरून आली, हे त्याला ठाऊक नसते किंवा तो सांगत नाही. मुंबईच्या चोर बाजारातही तेच.

आपल्याकडे अंगणात सामान मांडायची रीत का पडली नाही, याचा मी विचार करत होतो. अंगणे उरली नाहीत हे एक कारण झाले. जुने कपडे बोहारणीकडे जायचे आणि त्याबदल्यात पातेले यायचे. सायकल धाकट्या भावाकडे, मग चुलतभावाकडे, मग कामवाल्या मावशींच्या मुलाकडे जायची. जे यातून उरायचे ते भंगारवाल्याच्या तराजूत. मला वाटते, खरी गोम इथे आहे. आपल्याकडे जुनी वस्तू एकतर नात्यात जाते, नाहीतर वजनावर जाते. वडिलांचा पितळी बंब मी स्वतः किलोच्या भावाने घातला आहे. तो कुणाला तरी बंब म्हणून हवा असेल, अशी शक्यताच त्या वेळी डोक्यात आली नाही. शेजाऱ्याला तो शंभर रुपयांना विकायची तर आम्हाला लाजच वाटली असती. त्याला तो फुकट दिला असता, आणि फुकट घ्यायची त्याला लाज वाटली असती.

ट्यूलिपच्या_गावी (ॲम्स्टरडॅमजवळ)

पेठेतले काका, लाजेचा मुद्दा अगदी बरोबर. नेदरलँड्समध्ये त्यावर वर्षातून एका दिवसाचा उतारा आहे. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, आणि त्या दिवशी कुणीही परवान्याशिवाय रस्त्यावर बसून घरातले सामान विकू शकते. लोक आदल्या दिवसापासूनच फरसबंदीवर खडूने किंवा चिकटपट्टीने चौकोन आखून जागा अडवतात. ॲम्स्टरडॅमचे फोंडलपार्क मुलांसाठी राखीव असते. पोरे सतरंजीवर आपली खेळणी मांडतात, कुणी व्हायोलिन वाजवून नाणी मिळवतात. इथला डॉक्टर आणि बँकेतला अधिकारी शेजारी शेजारी बसून जुने कप विकत असतात, कारण त्या दिवशी सगळेच विकतात. माझ्या मुलीने गेल्या वर्षी साडेअकरा युरो मिळवले आणि त्यातले नऊ युरो पलीकडच्या सतरंजीवर खर्च करून आली.

तटस्थ

पेठेतले यांचा बंब वाचून विचारात पडलो. आजोबांचे घड्याळ गेली वीस वर्षे कपाटात आहे आणि बंद आहे. जपणे म्हणतो ते हेच का, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. तरीही शुभेच्छापत्रांच्या खोक्याबद्दलचे माझे मत कायम आहे.

ओसरी

तटस्थ, त्या खोक्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. घड्याळ मात्र दुरुस्त करून घ्या. किल्लीचे असेल तर बहुधा तेल वाळलेले असते, मोडलेले काही नसते.

काल शनिवार होता आणि आमच्याकडे पाऊस होता. पावसात यार्ड सेल रद्द होतात, म्हणून एका एस्टेट सेलला गेले. शेवटचा दिवस, सगळे निम्म्या किमतीत. तळघरात घरमालकांचे सुतारकामाचे टेबल होते. वरच्या फळीला खालून बाळांच्या खाण्याच्या काचेच्या बरण्यांची झाकणे ठोकलेली, आणि त्यांत फिरवून बसवलेल्या चाळीसेक बरण्या लोंबत होत्या. प्रत्येकीत एकाच मापाचे स्क्रू, खिळे किंवा वॉशर, आणि बाहेर चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेले माप. म्हणजे एखाद्या बाळाने खाल्लेल्या पेअरच्या आणि गाजराच्या लगद्याच्या बरण्या बापाने फेकल्या नव्हत्या. ते बाळ आता साठीचे असणार, आणि बहुधा त्यानेच कंपनीशी करार केला असणार. फळीसकट सगळे बारा डॉलरला मिळाले. नवऱ्याने ती उतरवली आणि घरी आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे, वर्षभर हलत असलेल्या कपाटाच्या बिजागरीला नेमका बसणारा स्क्रू त्यातून काढला.

आणि खडीसाखर, ही बातमी तुमच्यासाठी. वरच्या स्वयंपाकघरात, खोक्याच्या तळाशी, ‘मिरो’ कंपनीचे ॲल्युमिनियमचे कुकी प्रेस होते, मूळ डब्यात, सगळ्या चकत्यांसकट, दोन डॉलरला. पिळायच्या दट्ट्याचे आहे, खटक्याचे नाही, त्यामुळे घट्ट भाजणीलाही जोर देता येतो. चांदणीची चकती लावून आज दुपारी अर्धा किलो भाजणीच्या चकल्या पाडल्या. पहिल्या दोन तुटल्या, मग पिठात थोडे गरम पाणी वाढवले. काटा सुरेख येतो. चकली आपल्या नेहमीच्यापेक्षा किंचित बारीक होते, म्हणून तळायला वेळ कमी द्यावा लागतो. शेवेची चकती मात्र त्यात नाही.